पेटी चरखा: तीन महिने रोज कातल्यावर

नागपूरची नोकरी सोडून देवळीजवळच्या आमच्या गावी परत आले तेव्हा पुढं काय करायचं ते ठरत नव्हतं. चित्रं काढायचे, तीही सुचेनाशी झाली होती. त्याच दिवसांत हा पेटी चरखा घेतला.

बंद केला की लहानशी पेटी. उघडला की आत एक मोठं चाक, एक लहान आणि चाती, म्हणजे धाग्याला पीळ देऊन सूत गुंडाळणारी टोकदार सळई. गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात असताना याला रूप दिलं, म्हणून येरवडा चरखाही म्हणतात. आमच्या ओसरीत दरवर्षी कापसाचा ढीग लागतो, पण त्याचं सूत होताना मी तिशीपर्यंत पाहिलं नव्हतं. फार खंत वाटली.

पहिले आठ दिवस धागा सारखा तुटला. उजव्या हातानं चाक फिरवायचं, डाव्या हातानं पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाची वळी, हलकेच मागं ओढत न्यायचा. ओढ जास्त झाली की धागा बारीक होऊन सुटतो, कमी झाली की जाड गाठ राहते. आजी शेजारी बसून म्हणाली, "हळू कर ना माय, त्याले घाई चालत नाही." नवव्या दिवशी हातभर सूत सलग आलं. डोळे भरून आले माझे.

तक्रार एकच. चाकावरची दोरी ढिली होऊन घसरते, आणि दुकानदारानं जादा दोरी दिली नाही, नंतर फोनही उचलला नाही. मी जाड दोऱ्याला मेण लावून भागवलं. पेळू मात्र नीट पिंजलेल्या कापसाचेच घ्या.

आता पहाटे अर्धा तास कातते, मग वही उघडते. परवा पऱ्हाटीच्या फुटलेल्या बोंडाचं चित्र पूर्ण झालं.