ॲडसेन्स: बेळगाव-निपाणीकडच्या मराठी साइटला कितपत परवडते?

खानापूरचा पाऊस, निपाणीचा तंबाखू बाजार, मराठी शाळांचे निकाल असा मजकूर देणाऱ्या छोट्या साइटला जाहिरातींसाठी पहिल्यांदा ॲडसेन्स, म्हणजे साइटवर जाहिराती लावून त्याचे पैसे देणारी गुगलची सेवाच आठवते. मराठी त्यांच्या मान्य भाषांत असल्याने भाषेपायी अर्ज अडत नाही. सेवा चांगली आहे, पण जाहिरातींच्या जागा गुगललाच ठरवू देणाऱ्या ‘ऑटो ॲड्स’चे बटण दाबून विसरलात तर पानाची जत्रा होते.

ऑटो ॲड्समध्ये जाहिरातींचे प्रमाण ठरवणारी पट्टी आधी खाली आणा. विनेट, म्हणजे एका पानावरून दुसऱ्यावर जाताना सगळा पडदा झाकणारी जाहिरात, बंद करा. निकाल बघायला आलेला वाचक तिथूनच परत फिरतो. पडद्याच्या कडेला चिकटून राहणारी अँकर मात्र ठेवावी. वाचकाला ती मिटवता येते आणि मिटवेपर्यंत नजरेसमोर राहते. २०२४पासून ॲडसेन्स क्लिकऐवजी जाहिरात दिसण्याचे पैसे देते, आणि निम्मी जाहिरात निदान एक सेकंद पडद्यावर राहिली तरच ती ‘पाहिली’ असे धरतात. म्हणून मथळ्याच्या वरची जाहिरातपट्टी दिसायला मानाची असली तरी कामाची नाही. वाचक तिच्यावरून झरकन खाली जातो.

खरी जागा दुसऱ्या परिच्छेदानंतरची. तिथे ३०० × २५० पिक्सेलची जाहिरात ठेवा. ३३६ × २८० मोठी म्हणून मोह होतो, पण ३६० पिक्सेल रुंदीच्या फोनवर दोन्ही बाजूंचे १६-१६ पिक्सेल सोडले की उरतात ३२८, मग जाहिरात बाहेर येते किंवा कापली जाते. त्याहून मोठी चूक म्हणजे जागा राखून न ठेवणे. जाहिरात उशिरा उतरते, मजकूर खाली सरकतो आणि ‘पुढे वाचा’वर जाणारे बोट जाहिरातीवर पडते. असे क्लिक अवैध ठरून कमाईतून वजा होतात, वारंवार झाले तर खात्यावर गदा येते. जाहिरातीच्या बाहेरच्या चौकटीला सीएसएसमध्ये, म्हणजे पानाची मांडणी ठरवणाऱ्या कोडमध्ये, किमान उंची २८० पिक्सेल द्या: २५० जाहिरातीचे, बाकी ‘जाहिरात’ या लेबलाचे. वर-खाली २४ पिक्सेल मोकळे सोडा. लेबल १२ पिक्सेलपेक्षा बारीक नको, आणि ‘आमच्या मदतीसाठी क्लिक करा’ असले काही तर मुळीच नको. तो सरळ नियमभंग आहे.

बातम्यांच्या यादीत इन-फीड युनिट, म्हणजे यादीतल्या नोंदींसारखी दिसणारी जाहिरात, शोभते. तिच्या शीर्षकाचा आकार यादीसारखा ठेवला तरी पार्श्वभूमी किंचित वेगळी हवी, नाहीतर वाचक फसतो आणि धोरणही मोडते.

सीमाभागातली खास अडचण अशी, की जाहिरात नुसत्या मजकुरावर ठरत नाही. वाचकाचे ठिकाण आणि आवडही बघितली जाते. त्यामुळे मराठी लेखात कन्नड किंवा इंग्रजी जाहिरात येऊ शकते. विषयानुसार वा जाहिरातदाराच्या वेबसाइटच्या पत्त्यानुसार ती अडवता येते, भाषेनुसार नाही.

पैशाचे म्हणाल तर १० डॉलर झाले की पत्ता पडताळणीचा पिन टपालाने येतो. खेड्यात राहत असाल तर पत्त्यात पोस्टाचे नाव आणि पिनकोड नीट भरा. १०० डॉलर झाल्यावर रक्कम वायर ट्रान्सफरने थेट बँकेत येते, त्याला स्विफ्ट कोड, म्हणजे परदेशी व्यवहारासाठीचा बँकेचा ओळख-कोड, लागतो. गल्लीतल्या पतसंस्थेचे खाते इथे चालत नाही, आणि चलन बदलताना बँकही आपला वाटा कापते.

म्हणून सगळे पान ॲडसेन्सच्या हवाली करू नये. मथळ्याच्या वरची पट्टी स्थानिक दुकानदारांना महिन्याच्या ठरलेल्या दराने द्यावी: कुंद्याचे दुकान, शहापूरच्या साड्या, दहावीचे क्लास. क्लिकची भानगड नाही आणि गणपतीत दर चढाही लावता येतो. अशा जाहिरातीच्या दुव्याला ‘स्पॉन्सर्ड’ (पैसे घेऊन दिलेला) ही खूण कोडमध्ये जरूर लावा. दुकानदार बहुधा व्हॉट्सॲपवर छापील पत्रकाचाच फोटो पाठवतो. तो जसाच्या तसा लावू नका. ३२० पिक्सेलमध्ये त्यातला फोन नंबरसुद्धा वाचता येत नाही. नाव, एक ओळ आणि नंबर एवढेच नव्याने टाइप करून घ्या.