मार्क कमी, ॲक्टिव्हिटीज भरपूर : प्रायव्हेट कॉलेज कौन्सेलरचा आमचा रिव्ह्यू

कॉलेज ॲडमिशनसाठी पैसे देऊन प्रायव्हेट कौन्सेलर घ्यावा का असं मंडळाच्या ग्रुपवर बऱ्याच जणींनी विचारलं म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. आम्ही न्यू जर्सीत राहतो, मुलगी पब्लिक हायस्कूलला, यंदा बारावी झाली. अनवेटेड जीपीए, म्हणजे अवघड कोर्सला जास्तीचे गुण न धरता काढलेली ग्रेड्सची सरासरी, ४ पैकी ३.१. नववी-दहावीत अल्जेब्रा टू आणि केमिस्ट्रीत सी आले, अकरावीत चांगली सावरली. आणि दुसरीकडे शाळेच्या थिएटरचं लायटिंग नववीपासून तिच्याकडे, नंतर तर अख्ख्या क्रूची हेड, शिवाय ढोल-ताशा पथकात ताशा वाजवते आणि धाकट्या पोरांना शिकवते. म्हणजे ट्रान्सक्रिप्ट (चार वर्षांच्या ग्रेड्सचा कागद) लंगडी आणि बाकी सगळं दणदणीत. अशा मुलांच्या आईवडलांसाठी हा रिव्ह्यू आहे, ज्यांचं ४.० आहे त्यांना यातलं फारसं लागणार नाही.

कौन्सेलर बाईंचं नाव इथे देत नाही, त्या एकट्या काम करतात, मोजकीच मुलं घेतात आणि आपलं नाव ऑनलाईन फिरलेलं त्यांना आवडत नाही. पण कोणत्या प्रकारची सर्व्हिस घ्यायची आणि कोणती नाही हे मात्र स्पष्ट सांगते.

त्यांच्याआधी आम्ही एका मोठ्या कंपनीच्या फ्री कन्सल्टेशनला गेलो होतो. पाच आकडी पॅकेज, चकचकीत ऑफिस, भिंतीवर सगळ्या नामांकित युनिव्हर्सिटीजचे झेंडे. समोरच्या माणसाने ॲक्टिव्हिटीज ऐकल्या आणि म्हणाला, एवढं सगळं आहे म्हणजे टॉप थर्टी कुठे गेलं नाही, फक्त एक नॉनप्रॉफिट काढा आणि समरला एखाद्या मोठ्या कॅम्पसवरचा प्रोग्रॅम करा. ट्रान्सक्रिप्ट मागितलीच नाही! मला तिथेच राग आला, कारण मुलगी शेजारी बसून सगळं ऐकत होती आणि तिच्या डोळ्यांत आशा दिसत होती. पैसे भरून केलेल्या समर प्रोग्रॅममुळे त्या युनिव्हर्सिटीत ॲडमिशन सोपी होते असं अजिबात नाही, आणि जो ॲडमिशनची गॅरंटी देतो त्याच्यापासून तर चार हात लांब राहा. २०१९ ला रिक सिंगरची केस बाहेर आली होती ती आठवत असेलच, आईबापांकडून लाखो डॉलर घेऊन मुलांना खोटे खेळाडू म्हणून दाखवलं होतं. तो जेलमध्ये गेला आणि कितीतरी पालकही गेले. तिथे विकत होते ती गॅरंटीच होती.

तर आता आम्ही ज्यांना घेतलं त्या बाई. पूर्वी एका कॉलेजच्या ॲडमिशन ऑफिसमध्ये होत्या, तासावर पैसे घेतात, आमच्याकडून तासाला २५० डॉलर घेतले. पहिल्या भेटीआधीच त्यांनी ट्रान्सक्रिप्ट, शाळेचं स्कूल प्रोफाईल आणि ॲक्टिव्हिटीजची यादी मागवून घेतली. स्कूल प्रोफाईल म्हणजे शाळाच कॉलेजला पाठवते तो कागद, त्यात शाळेत एपी म्हणजे कॉलेजच्या पातळीचे कोर्स किती आहेत, ग्रेडिंग कसं चालतं, मुलं पुढे कुठे जातात असं सगळं असतं. मुलीची ट्रान्सक्रिप्ट त्या कागदाशेजारी ठेवून वाचतात हे मला तोपर्यंत कोणीच नीट सांगितलं नव्हतं. बाई माझ्याशी कमी आणि मुलीशी जास्त बोलल्या, आणि तिला सरळ म्हणाल्या की तुझे ग्रेड्स आधी वाचले जाणार, लायटिंग नंतर, आणि लायटिंगने सी पुसला जात नाही, पण जिथे लायटिंगचीच गरज आहे तिथे तो सी चालवून घेतात. त्या एका वाक्याचे पैसे मी आनंदाने दिले.

मग त्यांनी कॉमन डेटा सेट उघडून दाखवला. ॲडमिशन, फी वगैरेंची ठरावीक साच्यातली ही माहिती बहुतेक कॉलेजेस दरवर्षी आपल्या साईटवर टाकतात, फुकट आहे, कोणीही बघू शकतं. त्यातला सी-सेव्हन नावाचा तक्ता बघा, त्यात कोर्सेस किती अवघड घेतले, जीपीए, टेस्ट स्कोअर, निबंध, शिफारसपत्रं, एक्स्ट्राकरिक्युलर, टॅलेंट, अगदी विद्यार्थ्याने कॉलेजमध्ये किती इंटरेस्ट दाखवला इथपर्यंत एकेका गोष्टीपुढे ती किती महत्त्वाची ते कॉलेजने स्वतः टिक केलेलं असतं. बऱ्याच सिलेक्टिव्ह कॉलेजांमध्ये कोर्सेस आणि जीपीए सगळ्यात वरच्या खान्यात आणि ॲक्टिव्हिटीज एक-दोन खाने खाली. मुलीने स्वतःच्या यादीतली सगळी कॉलेजेस बसून तपासली आणि काही नावं तिनेच खोडली, मला एक शब्द बोलावा लागला नाही.

ॲक्टिव्हिटीजच्या लिस्टवर मात्र खरी मजा आली. कॉमन ॲपमध्ये, म्हणजे एकच फॉर्म भरून अनेक कॉलेजांना ॲप्लाय करता येतं त्या साईटवर, १० ॲक्टिव्हिटीज टाकता येतात आणि प्रत्येकीच्या वर्णनाला फक्त १५० कॅरेक्टर्स, शब्द नाही, कॅरेक्टर्स! मुलीने लायटिंगपुढे जबाबदारी, टीमवर्क, लीडरशिप असलं सगळं भरलं होतं. बाईंनी तिला विचारलं की तू संध्याकाळी थिएटरमध्ये गेलीस की हाताने नक्की काय करतेस. ती सांगत गेली, लाईट्स टांगायच्या, फोकस करायच्या, बोर्डवर क्यू (कोणता लाईट कधी बदलायचा ते) लिहायचे, शोच्या वेळी हेडसेटवरून कॉल ऐकून क्यू सोडायचे, नववीतल्या नव्या मुलांना शिडीवर सेफ्टी शिकवायची. लीडरशिप हा शब्द गेला आणि ही कामं आली. ताशाचं तर त्याहून भारी झालं. तिने नुसतं इंडियन ड्रम म्हणून लिहिलेलं. बाईंना ताशा म्हणजे काय माहीत नव्हतं, म्हणून त्या विचारत बसल्या, आणि मुलगी म्हणाली की ढोलवाले ताशाकडे कान लावून असतात, ताल कधी बदलायचा, कधी उचलायचा, कधी थांबायचं ते ताशा सांगतो. बाई म्हणाल्या, मग तू वाजवत नाहीयेस, तू पथक चालवतेयस, हे का नाही लिहिलंस? इतकी वर्षं मिरवणुकीत तिच्यामागे पाण्याच्या बाटल्या घेऊन चालणाऱ्या मला पण हे असं सुचलं नव्हतं. ती ओळ यादीत दुसऱ्या नंबरवर गेली. क्रम महत्त्वाचा असतो, वाचणारा वरून खाली वाचतो आणि त्याच्याकडे वेळ कमी असतो.

सी ग्रेड्सबद्दल त्यांचा सल्ला असा की निबंधात त्याचं रडगाणं नको, ६५० शब्दांचा मुख्य निबंध तिच्या कामावर जाऊ दे. कॉमन ॲपमध्ये ॲडिशनल इन्फर्मेशनचा वेगळा भाग आहे, आता तिथे ३०० शब्दांची मर्यादा आहे, तिथे दोन-तीन वाक्यांत काय झालं आणि नंतर काय बदललं तेवढंच लिहायचं. शिवाय शिफारसपत्र अकरावीच्या फिजिक्सच्या सरांकडून घ्यायला लावलं, म्हणजे सायन्सला ती आता कशी आहे हे दुसऱ्या कोणीतरी सांगितलं. हे पटलं मला.

पण पैसे खरे वसूल झाले ते कॉलेज लिस्टवर. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचं आम्हाला फार आकर्षण होतं, तिथे एसएटी बघतच नाहीत, ॲक्टिव्हिटीज आणि अवॉर्ड्स मिळून २० टाकता येतात, चार छोटे निबंध. पण कॅलिफोर्नियाबाहेरच्या मुलांना किमान ३.४ जीपीए लागतो आणि तो मुख्यतः दहावी-अकरावीवर काढतात, तिचा सी नेमका दहावीतला, विषय संपला. त्याऐवजी बाईंनी थिएटर डिझाईन आणि प्रॉडक्शनचे बीएफए (बॅचलर ऑफ फाईन आर्ट्स) प्रोग्रॅम दाखवले, जिथे पोर्टफोलिओ आणि इंटरव्ह्यू घेतात. तिथे डिपार्टमेंटची माणसं तिच्या लायटिंगचे फोटो आणि क्यू शीट्स स्वतः बघतात, ग्रेड्स बघतात पण सगळं त्यांच्यावर अडत नाही. तुमचं मूल संगीत, नाच, चित्रकला, डिझाईनमधलं असेल तर हा रस्ता आधी बघा, उगाच त्याला इकॉनॉमिक्सच्या रांगेत उभं करू नका. लिहिणाऱ्या मुलांसाठी त्यांनी बार्ड कॉलेजचं सांगितलं, तिथे एंट्रन्स एक्झॅम म्हणून मोठे निबंध लिहून, ग्रेड्सच्या नेहमीच्या रस्त्याने न जाता, ॲप्लाय करता येतं. बेनिंग्टनमध्ये काय पाठवायचं ते विद्यार्थ्यालाच ठरवू देणारं वेगळं ॲप्लिकेशन आहे. आमच्या पोरीला हे नको होतं पण मैत्रिणीच्या मुलाला मी लगेच कळवलं.

आणि सेफ्टी म्हणून, म्हणजे कुठेच नाही लागलं तर हमखास हातात असावं म्हणून, काउंटी कॉलेज, म्हणजे आपल्या काउंटीचं दोन वर्षांचं सरकारी कॉलेज, ज्याचं नाव काढलं की आपल्या लोकांची तोंडं वाकडी होतात. न्यू जर्सीत कायद्याने ट्रान्सफर ॲग्रीमेंट आहे, राज्यातल्या काउंटी कॉलेजची असोसिएट इन आर्ट्स किंवा सायन्स ही दोन वर्षांची डिग्री घेऊन राज्याच्या पब्लिक चार वर्षांच्या कॉलेजात गेलात तर ती पहिली दोन वर्षं म्हणून धरतात. फी कितीतरी कमी आणि तिथले चांगले ग्रेड्स हायस्कूलचे सी मागे टाकतात. बाईंनी हे मुलीला मान खाली घालायला न लावता सांगितलं याचं मला फार बरं वाटलं.

आता जे आवडलं नाही ते. निबंधाचं एडिटिंग. पहिला ड्राफ्ट परत आला तो छान गुळगुळीत, पण पोरीचा आवाजच नाही त्यात, ती बोलते तशी वाक्यं सगळी कापलेली. आम्ही तिचाच ड्राफ्ट ठेवला आणि शाळेच्या इंग्लिशच्या मॅडमना दाखवला, त्या फुकट आणि जास्त चांगल्या निघाल्या. दुसरं, १ नोव्हेंबरच्या अर्ली डेडलाईनच्या आधी बाई ईमेलला उत्तर द्यायला फार वेळ लावायच्या. तिसरं, पैशांच्या बाबतीत त्यांचा उपयोग शून्य. अर्ली डिसीजन बाइंडिंग असतं, लागली ॲडमिशन की सहसा जावंच लागतं, म्हणून त्याआधी त्या कॉलेजच्या साईटवरचा नेट प्राईस कॅल्क्युलेटर (मदत वजा जाता आपल्याला अंदाजे किती पडेल ते सांगणारा) भरून बघायलाच हवा, हे मला त्यांच्याकडून कळायला हवं होतं, ते कळलं ते माझ्या जावेकडून.

रिझल्ट असा की जी दोन फार वरची कॉलेजेस तिने हट्टाने ठेवली होती तिथे नाही आलं, आणि दोन बीएफए प्रोग्रॅमना हो आलं, एका ठिकाणी थोडी मेरिट स्कॉलरशिपसुद्धा. तिथल्या इंटरव्ह्यूत त्यांनी तिला केमिस्ट्रीबद्दल एक प्रश्न विचारला नाही, ताशाबद्दल मात्र विचारलं!

माझ्याकडून पाचपैकी चार. पॅकेज घेऊ नका, तासावर घ्या, आणि ते तास कॉलेज लिस्टवर आणि ॲक्टिव्हिटीजवर घाला, निबंधावर नको. शाळेकडचे फॉर्म भरणं, ट्रान्सक्रिप्ट पाठवणं ही कामं शाळेचा कौन्सेलर करतोच, त्याला वेगळे पैसे द्यायची गरज नाही. अकरावीच्या वसंतात गेलात तर बरं, कारण कॉमन ॲप १ ऑगस्टला उघडतं आणि त्यानंतर चांगल्या लोकांकडे वेळ मिळत नाही. पहिल्या फोनवर समोरच्याने ट्रान्सक्रिप्ट मागितली नाही तर पुढची अपॉइंटमेंट घेऊच नका.