बिल्टी आली, रोटर नाही

जुना रोटर, म्हणजे अँटेना फिरवायचं यंत्र, घ्यायला गेलो आणि फसलो. रोटरचे 61,500 रुपये आणि वर 'परत मिळणाऱ्या' विम्याचे 4,350. एकूण 65,850. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण इंदूरच्या आमच्या मंडळींत तो आता सव्वा लाखापर्यंत पोचलाय. लोकमान्य नगरात बातमीला रोटर लागत नाही, ती आपोआप चारी दिशांना फिरते.

हॅम म्हणजे हौशी रेडिओवाल्यांना उपग्रहासाठी रोटर कशाला, हे सांगायला नको. बाकीच्यांसाठी एवढंच, की अंतराळ स्थानक किंवा एसओ-50 सारखा हॅम उपग्रह डोक्यावरून जातो तेव्हा जेमतेम दहा मिनिटं मिळतात. एका हातात यागी अँटेना, दुसऱ्यात माइक, आणि 436 मेगाहर्ट्झवर उपग्रहाच्या वेगामुळे (डॉप्लर) फ्रिक्वेन्सी सरकत असते तिच्यासाठी तिसरा हात आणायचा कुठून? त्यात माझा उजवा खांदा आखडलेला. म्हणून यासू कंपनीचा जी-5500 रोटर हवा होता. संगणकावरचं जीप्रेडिक्ट गणित करतं, हॅमलिब हुकूम सोडतं, जीएस-232 ही मधली जोडपेटी, तो हुकूम ऐकून मोटरी फिरवतो, आणि आपण खुर्चीत बसून बोलायचं. नवा घेणं पेन्शनीत बसत नाही, म्हणून जुन्याच्या शोधात होतो.

अशात हॅम मंडळींच्या एका ग्रुपवर निरोप आला: 'वडील सायलेंट की झाले (म्हणजे वारले). त्यांचा शॅक (रेडिओची खोली, सामानासकट) विकायचाय. जी-5500, कंट्रोलर, जीएस-232, केबलसकट. 68,000.' पोरगा मराठीत बोलायचा, 'काका' म्हणायचा, शेवटी 73, म्हणजे हॅम मंडळींच्या शुभेच्छा, लिहायचा. वडिलांचा कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरचं हवेवरचं नाव, दिला. मी तपासला, खरा निघाला. मी चार ओळींचं सांत्वन लिहून पाठवलं. त्या चार ओळींची आठवण झाली की आजही कान तापतात.

मी काही डोळे मिटून उडी मारली नाही. आडवा, म्हणजे दिगंशात, किती फिरतो विचारलं, म्हणाला 450 अंश. वर-खाली 90 की 180? म्हणाला 180. उत्तरेच्या टोकावर अडकून ऐन पासमध्ये मिनिटभर उलटा फिरत बसत नाही ना, यावर त्याने मलाच ओव्हरलॅप (360 अंशांपुढचं जादा फिरणं) समजावून सांगितला. हे सगळं पुस्तिकेत छापलेलं असतं, हे आता कळतंय. पण ती पुस्तिका वाचून आलेला चोर भेटेल अशी अपेक्षा कोणी का ठेवावी? टर्मिनल उघडून 'सी2' टाइप कर आणि येणाऱ्या उत्तराचा फोटो पाठव, असंही सांगितलं होतं. जीएस-232 असेल तर दिगंश आणि उन्नतांश (वर-खालीचा कोन) लगेच परत येतात. तो म्हणाला, यूएसबी-सिरीयल केबल सापडत नाही. कोणाला सापडते हो? माझी स्वतःची तीन ड्रॉवर उलटी केल्याशिवाय मिळत नाही.

मग त्याने व्हिडिओ पाठवला. 'काका, कालच्या रविवारी घेतला.' टेबलावर कंट्रोलर, दोन्ही सुया हळूहळू सरकताहेत, खिडकीबाहेर क्रॉस यागी त्याच तालात फिरतेय. लॅपटॉपवर उपग्रहाचा मार्ग, आणि रिसीव्हरमधून माणसांचे आवाज. उपग्रहाचं नाव स्पष्ट दिसत होतं: व्हीओ-52.

व्हीओ-52! आपला हॅमसॅट. 5 मे 2005 ला श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी6 ने कार्टोसॅट-1 बरोबर सोडलेला, साडेबेचाळीस किलोचा. त्यात दोन ट्रान्सपॉन्डर (खालचा आवाज घेऊन परत पाठवणारी यंत्रं), एक भारतीय आणि एक एका डच विद्यार्थ्याने बनवलेला. 435 मेगाहर्ट्झवर बोलायचं, 145.9 च्या आसपास ऐकायचं. माझे उपग्रहावरचे पहिले संपर्क त्याच्यावरच झाले. आणि तो 2014 च्या जुलैत बॅटरी जाऊन कायमचा गप्प झाला, हे मला तोंडपाठ आहे. त्या दिवशी मी चरफडलो होतो. गप्प झालेला उपग्रहही कक्षेत फिरत राहतो, संगणक त्याचा माग काढतो, तेवढं खरं. पण त्याच्यावरून आवाज? कालच्या रविवारी?

मी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. बायकोला दाखवला, 'हा बघ आपला हॅमसॅट' म्हणून. ती म्हणाली, 'तो बंद पडला ना?' मी म्हणालो, 'अगं, रोटर बघ.' यापुढे मला काही लिहवत नाही. पण ज्यांनी त्या उपग्रहावर सकाळी संध्याकाळी वेळ काढलाय त्यांना कळेल, की तिथे डोकं का चाललं नाही. ऐकू काय येतंय याकडे लक्षच नव्हतं, जुना दोस्त दिसला होता.

5,000 टोकन दिले, मग 56,500. खातं तिसऱ्याच नावावर, तर 'मेहुण्याचं आहे काका'. नाव जुळत नसेल तर तिथेच थांबा, मेहुणा असो की साडू. मग बिल्टीचा, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीचा, फोटो आला आणि पाठोपाठ विम्याचे 4,350 मागितले. तेही दिले. त्यानंतर 'टॅक्सचे' 11,800 मागितले तेव्हा मात्र मी बिल्टी घेऊन ट्रान्सपोर्टच्या गोदामात गेलो. मुनीम चष्मा वर करून म्हणाला, 'ऐसा नंबर हमारे यहाँ चलता ही नहीं.' बिल्टीचा फोटो म्हणजे माल नव्हे. पैसे देण्याआधी गोदामात फोन लावा.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार लगेच नोंदली गेली, क्रमांकही मिळाला. त्या खात्यात 1,212 रुपये शिल्लक होते, ते गोठवले. ते परत मिळायलाही कोर्टाचा आदेश लागेल म्हणाले. बँकेत गेलो तर साहेब म्हणे, 'ओटीपी तुम्हीच टाकलात ना?' हो, मीच टाकला. बंदुकीच्या धाकाने टाकला असता तरी तुम्ही हेच विचारलं असतंत.

आणि ठाणं! पहिला प्रश्न: 'छतरी ऑनलाइन मँगवाई थी?' मी म्हणालो, छतरी नव्हे, अँटेना फिरवायचं यंत्र. 'किसलिए?' उपग्रहावरून बोलायला. झालं. खुर्ची पुढे सरकली. 'सैटेलाइट से बात करते हो? किससे?' फसवणूक बाजूला, माझीच चौकशी सुरू. दूरसंचार विभागाचा परवाना दाखवा. दाखवला. झेरॉक्स द्या. दिली. सेल्फ अटेस्टेड द्या. परवाना माझ्यापाशी आहे म्हणून बरं, चोराकडे तर त्यांनी अजून साधं नाव विचारलेलं नाही! मग म्हणे, हा सायबरचा मामला. सायबरवाले म्हणे, आधी ठाण्यात जा. ठाण्यात पुन्हा 'आवेदन ले लिया है'. आवेदन म्हणजे एफआयआर नव्हे, हे ध्यानात ठेवा आणि पावतीवर शिक्का मारून घ्या. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173 सांगतं, की गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यायची. हे म्हटल्यावर उत्तर मिळालं, 'आप वकील हो क्या?' आता एसपींना लेखी पाठवलंय, ते झालं नाही तर मॅजिस्ट्रेट. एका शिपायाने तर जाताना समजूत घातली, 'पैसे वापस नहीं आते साहब, घर जाओ.' पगार कशाचा घेतो हा?

आणि ते 'दिवंगत' वडील? एका जुन्या हॅम मित्राने सांगितलं, रोज सकाळी चाळीस मीटरच्या रेडिओ पट्ट्यावर ठणठणीत बोलतात. मी त्या पट्ट्यावर, 7 मेगाहर्ट्झवर, कान लावून ऐकले. त्यांना हे सांगितल्यावर तेही हादरले. कॉलसाइन यादीत असतो, कोणीही उचलतो. विकणारा खरा असेल तर आधी हवेवर भेटा, नाहीतर चालू व्हिडिओ कॉलवर सांगा, 'आत्ता 137 अंशावर फिरव.' आधी घेतलेला व्हिडिओ चालणार नाही.

तो व्हिडिओ अजून फिरत असणार. पांढरी भिंत, सॉकेट दोन चपट्या पिनांचं, आपल्याकडे लागतं तसं नाही, आणि पडद्यावर व्हीओ-52. कोणाला आला तर पैसे पाठवू नका, त्याला बोलतं ठेवा, खातं क्रमांक लिहून घ्या आणि 1930 ला कळवा. आधीच फसला असाल तर तक्रार क्रमांक घेऊन मला गाठा, दोन तक्रारी एकाच खात्यावर आल्या तर ठाण्यातली खुर्ची कदाचित चोराच्या दिशेने सरकेल.