सावकाश होऊ द्या: गुहागरच्या एका घरगुती खानावळीबद्दल

गेल्या रविवारी मी, बाबा आणि माझा मुलगा चिपळूणहून गुहागरला गेलो होतो. व्याडेश्वराचं दर्शन घेतलं आणि जवळच एका घराच्या पडवीत चालणाऱ्या खानावळीत जेवलो. शाकाहारी ताट, सकाळीच फोन करून सांगावं लागतं. फणसाच्या कुयरीची भाजी, डाळिंब्यांची उसळ, आमसुलाचं सार, वरणभात. उसळीत गूळ जरा जास्त वाटला. मोदकाची पारी मात्र इतकी पातळ की आतलं सारण दिसत होतं.

पण लिहायला बसले ती वाढण्याबद्दल.

बाबांना 25 वर्षं मधुमेह आहे. आमच्याकडच्या पंगतीत आग्रह म्हणजेच रीत. नको म्हणणाऱ्याला वाढलं नाही तर यजमानाला बोल लागायचा, आणि पानात टाकणं तर त्याहून वाईट. बाबा दोन्ही हात पानावर आडवे धरायचे, तरी बोटांच्या फटीतून जिलबी पडायचीच. अशा एका लग्नानंतर त्यांची साखर भलतीच चढली, रात्रभर उशाशी बसून होते मी.

इथल्या काकू मोदक घेऊन आल्या. "आजोबा, वाढू?"

"अर्धा."

त्यांनी अर्धाच वाढला, तूपही विचारून घातलं. "अर्धा कसला, एक तरी घ्या" असं काही नाही. भात घेऊन मात्र दोनदा फिरल्या. मीठ-लिंबू-चटणी डावीकडे, भाजी-उसळ उजवीकडे, सगळं जागच्या जागी. सगळ्यांना वाढून झाल्यावर "सावकाश होऊ द्या" म्हणाल्या. बाहेर माणसं ताटकळत होती, तरी आमचा ताकभात चालू असताना कुणी बिल आणून ठेवलं नाही.

शेजारच्या टेबलावर तीन अख्खे मोदक ताटात टाकून मंडळी उठली. मला फार वाईट वाटलं. पूर्वी निदान "आग्रहानं वाढलं" म्हणता यायचं. इथे तर प्रत्येक मोदक विचारून वाढला होता.

एक गोष्ट सुधारायला हवी. हात धुवायचं बेसिन जेवणाऱ्यांच्या अगदी समोर आहे आणि लोक तिथेच खळखळून चुळा भरतात. मी काकूंना सांगितलं. पावसाआधी मागच्या अंगणात हलवतो म्हणाल्या.

उठताना बाबांनी सवयीनं "अन्नदाता सुखी भव" म्हटलं. काकू हातातलं भांडं खाली ठेवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "परत या हो, आजोबा."

ताट 220 रुपये, मोदकांचे वेगळे. रविवारी साडेबाराच्या आत पोचा.