वागळे इस्टेटमधला कंप्रेसर रिपेअरिंगचा गाळा : मोटर जळलीच नव्हती

आम्ही कळव्याला घरीच शाडूच्या मूर्ती रंगवतो, मी आणि माझा दीर, आणि बॉडी कलर सगळा हवेच्या स्प्रे गनने मारतो त्यामुळे कंप्रेसर बसला की आम्हीपण बसलो. २४ लिटर टाकीचा, दीड एचपीचा, ऑइलवाला आहे, चार वर्षं झाली घेऊन. यंदा ऐन आषाढात त्याने त्रास द्यायला सुरुवात केली. टाकी रिकामी असताना मस्त सुरू व्हायचा, दाबाचा काटा ८ बारला गेला की बरोबर बंद व्हायचा, पण रंग मारता मारता हवा ६ बारवर आली आणि त्याची परत सुरू व्हायची वेळ आली की नुसता घूंऽऽऽ करून अडकायचा आणि दोन सेकंदात घरातला एमसीबी खाली. सगळी हवा सोडली की परत चालू. दिवसातून दहा वेळा हेच, आणि प्रत्येक वेळी हातातली मूर्ती अर्धवट.

जवळच्याच एका मेकॅनिकला दाखवला तर त्याने झाकणसुद्धा न उघडता सांगितलं मोटर जळालीय, रिवाइंडिंगचे साडेतीन हजार होतील. मी म्हटलं अहो जळालेली मोटर रिकाम्या टाकीवर तरी कशी चालेल, तर म्हणे मग नवीन मशीन घ्या. फार राग आला मला. सीझनच्या तोंडावर आमच्यासारख्यांना साडेतीन हजार म्हणजे किती होतात हे त्याला कळायला हवं होतं.

मग ओळखीच्या एका कारखानेवाल्यांनी वागळे इस्टेटमधला हा गाळा सांगितला. कळवा पुलावरच्या ट्रॅफिकमधून रिक्षात मांडीला मशीन टेकवून नेलं. गाळा लहान आहे, काळोखा आहे, बाहेर नीट बोर्ड नाही, दोनदा विचारावं लागलं. पण आतल्या काकांनी काय केलं ते सांगते. पाना हातात न घेता आधी सगळं विचारून घेतलं, कधी अडकतं, रिकामं असताना चालतं का, कुठल्या वायरवर लावता. मग मशीन लावलं, ८ बारला बंद होऊ दिलं आणि म्हणाले, "ताई, आता गप्प राहून ऐका." बंद होताना फुस्स आवाज येतो ना, ती हेडमध्ये, म्हणजे पिस्टनच्या वरच्या भागात, अडकलेली हवा प्रेशर स्विचखालच्या छोट्या व्हॉल्व्हमधून बाहेर जाते, त्याला अनलोडर म्हणतात. ती फुस्स करून थांबली पाहिजे. आमची थांबतच नव्हती, बारीक सूंऽऽ चालूच. आम्ही रोज ऐकत होतो तो आवाज पण लक्षातच आलं नाही. त्यांनी तिथे बोटाने साबणाचा फेस लावला, बुडबुड्यावर बुडबुडा.

म्हणजे स्विच खराब का, तर नाही. टाकीत शिरतानाच एक एनआरव्ही असतो, हवा आत जाऊ देतो पण परत येऊ देत नाही, तोच लीक होता. टाकीतली हवा उलटी हेडपर्यंत यायची, मग मोटरला सुरू होताना पिस्टन त्या दाबाविरुद्ध ढकलायला लागायचा आणि ती तिथेच अडकायची. हवा पूर्ण सोडून, प्लग काढून त्यांनी पितळेचा एनआरव्ही उघडला आणि आतली रबराची चकती माझ्या तळहातावर ठेवली. वाटाण्यापेक्षा थोडी मोठी, उष्णतेने कडक झालेली, कडेला चीर आणि त्यात काळा कण रुतलेला. एवढ्याशा चकतीपायी आमची मोटर भंगारात निघाली होती.

मोटरला सुरू व्हायला जोर देणारा कपॅसिटरपण मीटरवर बघितला. ४० मायक्रोफॅरडचा, ३८ दाखवत होता, म्हणाले चांगला आहे, उगाच बदलू नका. हे मला सगळ्यात आवडलं, नवीन घातला असता तरी मला काय कळलं असतं.

मग टाकीखालचा कॉक उघडला तर चहासारखं तांबडं पाणी, पेलाभर तरी असेल. इथे मला नीट ओरडा बसला आणि तो बरोबरच होता. आपल्याकडे पावसाळ्यात हवेत एवढी ओल असते, ती टाकीत जमते, आतून गंज धरतो. आमच्या दोन मूर्तींच्या गालावर पाण्याचे ठिपके उठले होते ते गनमधून हेच पाणी आल्यामुळे, शाडूवर तो डाग लपत नाही. आता रोज काम झालं की पाणी काढतो. आणि लांब पातळ एक्स्टेंशनवर मशीन लावू नका, व्होल्टेज पडतं आणि मोटर उचलत नाही, १५ अँपियरच्या सॉकेटला थेट लावा आणि लांब काम करायचं असेल तर हवेचा पाइप लांब घ्या, हेपण सांगितलं.

मी होते तेव्हाच एक जण टाकीला सुईएवढं भोक पडलेलं मशीन घेऊन आला, वेल्डिंग करून द्या म्हणाला, दुप्पट पैसे देतो. काकांनी हात जोडले. पत्रा आतून गंजून पातळ झालाय, भोक बुजवलं तरी शेजारून फाटेल, ही टाकी घरात पोरांच्या जवळ ठेवणार ना तुम्ही? त्याला परत पाठवलं.

बिल झालं ८९०. एनआरव्ही २८०, कंप्रेसर ऑइल २५०, फिल्टर ६०, मजुरी ३००. बिल मागितल्यावर हाताने लिहून दिलं. फोन मात्र उचलत नाहीत, घरी येत नाहीत, शुक्रवारी बंद, आणि मजुरीची गॅरंटी एकच महिना, ती वाढवायला हवी.

तीन आठवडे झाले, ६ बारवर आपोआप सुरू होतो, एमसीबी एकदाही पडला नाही. जाणार असाल तर टाकीतली हवा घरीच पूर्ण सोडून न्या, भरलेली टाकी ते गाळ्यात घेत नाहीत, मला बाहेर रस्त्यावर उभं राहून सोडावी लागली.