फायब्रॉईड असताना मेन्स्ट्रुअल कप: माप म्हणून उत्तम, बाकी जपून

फायब्रॉईड, म्हणजे गर्भाशयातली स्नायूची गाठ असली, की ‘पाळीत अंगावरून किती जातं?’ या डॉक्टरांच्या प्रश्नाला बहुतेक बायकांचं उत्तर ‘खूप’ एवढंच असतं. पॅडच्या संख्येवरूनही नीट कळत नाही, कारण कुणी अर्धा भिजला की बदलते, कुणी तुडुंब झाल्यावर. योनीत बसवून रक्त साठवणारा, तीनशे-पाचशे रुपयांचा सिलिकॉनचा मेन्स्ट्रुअल कप इथे कामाला येतो. त्यात साधारण 20 ते 30 मिलि मावतं. रेषा आखलेलाच घ्या. ओतण्याआधी कप सपाट जागी धरून आकडा मोबाईलमध्ये टिपायचा आणि पाळी संपल्यावर बेरीज करायची. एका पाळीत 80 मिलिपेक्षा जास्त रक्त गेलं तर तो अतिस्राव मानतात. कपात रक्ताबरोबर इतर स्रावही असतो, म्हणून 90 आले तर घाबरू नका. 200 आले तर मात्र हिमोग्लोबिन आणि सोनोग्राफी लांबवू नका. (रक्ताच्या गाठी आणि गर्भाशयातली गाठ यांत घोळ नको. पडतात त्या गोठलेल्या रक्ताच्या. फायब्रॉईड म्हणजे स्नायूची गाठ.)

एवढं कौतुक पुरे. गर्भाशयाच्या मागच्या भिंतीतली मोठी गाठ त्याचं तोंड पुढे ढकलते. मग कप तोंडाच्या खाली न बसता बाजूला सरकतो, रक्त कडेने वाहतं, कपडे खराब होतात आणि मापही कमी भरतं. म्हणून पाळीच्या दिवसांतच स्वच्छ बोटाने अंदाज घ्या: पहिल्या-दुसऱ्या पेरावरच तोंड लागलं तर आखूड कप. पुढच्या भिंतीतली गाठ मूत्राशयावर दाबत असेल, तर कडक कपाने लघवी अडखळते. मऊ घ्यावा तर तो आत गेल्यावर पूर्ण उघडत नाही. बुडाशी बोट फिरवून तो उघडल्याची खात्री करा.

गर्भाशयाच्या पोकळीत डोकावणारी दोन सेंटिमीटरची गाठही त्याच्या बाहेरच्या बाजूच्या आठ सेंटिमीटरच्या गाठीपेक्षा जास्त रक्त घालवू शकते. अशा वेळी पाकिटावरच्या ‘12 तास ठेवता येतो’ला अर्थ नाही, पहिले दोन दिवस दोन-तीन तासांनी बघावंच लागतं.

काढताना देठ ओढू नका. बूड चिमटून आधी आत हवा शिरू द्या, म्हणजे चिकटलेला कप सुटतो. कॉपर-टी असेल तर हे दुप्पट जपून, नाहीतर तीही खाली येऊ शकते. योनीत गाठीसारखं काही उतरलेलं लागलं तर कप घालूच नका. दुर्बिणीतून गाठ काढल्यावरही डॉक्टर सांगेपर्यंत पॅडच. आणि सलग दोन तास, तासाला एक कप काठोकाठ भरत असेल, तर मोजत बसू नका, तडक दवाखाना गाठा.