घाऊक ग्रंथवितरकाची सेवा : स्वखर्चाने पुस्तक काढणाऱ्याच्या नजरेतून

पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या परिसरात घाऊक ग्रंथवितरण करणाऱ्या एका जुन्या पेढीकडे मी स्वखर्चाने काढलेले पुस्तक विक्रीसाठी दिले होते. पहिल्या आवृत्तीचा हिशेब आता मिटल्यामुळे त्या सेवेविषयी खात्रीने काही लिहिता येईल. पुस्तक सातारा जिल्ह्यातील जुन्या विहिरी आणि बारवांविषयी आहे. डेमी आकार, दोनशेच्या आसपास पाने, छापील किंमत ३०० रुपये आणि आवृत्ती ५०० प्रतींची. पेढीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे सांगितलेल्या उणिवा त्या एकाच पेढीपुरत्या असतील असे मला वाटत नाही.

कमिशनचा आकडा ऐकून स्वतःच प्रकाशक झालेला लेखक सहसा बिचकतो. या पेढीने छापील किमतीच्या ५० टक्के मागितले आणि त्यात घासाघीस करायला वाव ठेवला नाही. मात्र ही सगळी रक्कम वितरकाच्या गल्ल्यात राहते असे समजण्याचे कारण नाही; त्यातला मोठा वाटा दुकानदाराला जातो, ग्रंथालयांना द्यावी लागणारी सूट त्यातूनच निघते आणि पार्सलचे भाडे, गोदामाची जागा, थकलेली उधारी हा सारा भारही त्यावरच पडतो. म्हणूनच मलपृष्ठावर किंमत छापली जाण्यापूर्वी हे कमिशन हिशेबात धरणे आवश्यक असते. माझा निर्मितीखर्च प्रतीमागे ९० रुपये, म्हणजे एकूण ४५,००० रुपये आला. वितरकामार्फत विकल्या गेलेल्या प्रतीचे १५० रुपये हाती येत असल्याने नुसता खर्च भरून निघायला ३०० प्रती विकल्या जाव्या लागतात. हेच पुस्तक, वाचकांना परवडावे म्हणून, २०० रुपयांना काढले असते, तर त्याच खर्चासाठी ४५० प्रती खपवाव्या लागल्या असत्या आणि परीक्षणार्थ, सप्रेम भेट किंवा कायद्याने पाठवायच्या प्रती वगळता हाती फारसे काही उरले नसते. (१९५४ च्या कायद्यान्वये कोलकाता, चेन्नई, मुंबई आणि दिल्ली येथील ठरलेल्या चार ग्रंथालयांना प्रकाशकाने स्वखर्चाने एकेक प्रत पाठवायची असते. हे काम वितरक करत नाही, आणि त्याने ते करावे अशी अपेक्षाही नाही.) छापील पुस्तकावर वस्तू व सेवा कर लागत नाही ही ग्राहकाच्या सोयीची बाब खरी, परंतु त्यामुळेच कागद आणि छपाईवर भरलेला कर प्रकाशकाला वजा करून घेता येत नाही, तो निर्मितीखर्चातच मुरतो.

व्यवहार जांगड पद्धतीचा होता. प्रती वितरकाच्या ताब्यात जातात, मालकी लेखकाचीच राहते, विकल्या गेलेल्या प्रतींचे पैसे ठरलेल्या मुदतीनंतर मिळतात आणि उरलेला माल परत येतो. रोखीने काही प्रती घेण्याची तयारीही पेढीने दाखवली होती, पण तिथे कमिशन अर्थातच वाढत होते. नवख्या लेखकाचे पुस्तक रोखीने घेऊन गोदामात ठेवण्याची जोखीम वितरकाने का पत्करावी, हा त्यांचा प्रश्न मला रास्तच वाटला. जांगडीवरच्या व्यवहारात मात्र लेखकाचे सारे हित एका गोष्टीवर अवलंबून असते, ती म्हणजे आपल्या प्रती या घटकेला कुठे आहेत हे विचारल्यावर कळणे, आणि नेमकी तीच या सेवेची सर्वांत कच्ची बाजू निघाली.

प्रती पोचवल्यावर मिळालेल्या चलनावर पुस्तकाच्या नावातील ‘विहिरी’च्या जागी ‘वहिनी’ असे लिहिले होते. हसून सोडून देण्यासारखी ही गोष्ट, पण संगणकावरची नोंद त्या चलनावरूनच झाली. पुढे कराडच्या एका दुकानदाराने नावावरून चौकशी केली तेव्हा असे पुस्तक आमच्याकडे नाही, असे उत्तर त्याला मिळाले, आणि त्या वेळी त्याच गोदामात पुस्तकाचे गठ्ठे जसेच्या तसे पडून होते. नोंद दुरुस्त करायला सांगितल्यावर ती दुरुस्त झाली. तथापि अशा ठिकाणी खरा आधार आयएसबीएनचाच असतो. दिल्लीच्या राजा राममोहन राय राष्ट्रीय संस्थेकडून पुस्तकाच्या ओळखीचा हा तेरा अंकी क्रमांक लेखकालाही विनामूल्य मिळतो, त्यासाठी फक्त ऑनलाइन अर्ज करावा लागतो. क्रमांक घेऊन तो केवळ आतल्या श्रेयपानावर छापणारे पुष्कळ लेखक पाहण्यात आहेत. मलपृष्ठावर बारकोड नसलेले पुस्तक मोठ्या दालनांच्या बिलयंत्रावर चालत नाही आणि मग ते वितरकाकडूनच मागे राहते. या पेढीने प्रती घेण्याआधी बारकोड आहे की नाही हे तपासले, ही त्यांच्या बाजूने नोंदवण्याजोगी गोष्ट आहे.

हिशेब सहामाही मिळेल असे ठरले होते. तो मागितल्यावरच मिळाला आणि त्यात ‘विक्री’ या एकाच रकान्यात दुकानांकडे रवाना झालेल्या आणि प्रत्यक्ष ग्राहकाने नेलेल्या अशा दोन्ही प्रती एकत्र होत्या. हा फरक लेखकाने समजून घेतला पाहिजे, कारण दुकानाकडे गेलेली प्रत विकली गेलेली नसते. ती काही महिन्यांनी परत येते आणि मागच्या हिशेबातून वजा होते. दुसऱ्या सहामाहीच्या हिशेबात माझ्या येणे रकमेतून अशीच वजावट झाली, तेव्हा पहिल्या हिशेबाचा आकडा पाहून पुनर्मुद्रणाची घाई केली नाही याचे समाधान वाटले. पैसे मिळण्यात उशीर झाला, परंतु शेवटी ते पूर्ण मिळाले.

परत आलेल्या प्रतींची अवस्था हा स्वतंत्र विषय आहे. गठ्ठा तपकिरी कागदात गुंडाळून सुतळीने आवळलेला असतो, त्यामुळे वरच्या आणि खालच्या प्रतीच्या कडांवर सुतळीचा वळ खोलवर उमटतो. काही प्रतींच्या मुखपृष्ठावर दुकानाचे लेबल चिकटवलेले होते, ते काढताना लॅमिनेशन सोलून निघाले. अशा प्रती नव्या म्हणून पुन्हा विकता येत नाहीत, आणि त्यांची भरपाई कोणाकडून मागावी याची तरतूद करारात नव्हती. गठ्ठ्याच्या दोन्ही टोकांना पुठ्ठ्याचा तुकडा ठेवला तरी हे नुकसान टळते. दुसऱ्या वेळी मी तो स्वतःच घालून दिला.

आता जमेची बाजू, आणि ती लहान नाही. हे पुस्तक जळगाव, लातूर, बुलढाणा इथल्या सार्वजनिक ग्रंथालयांत पोचले, ते केवळ या पेढीमुळे. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानुसार मान्यता मिळालेल्या आणि अ, ब, क, ड अशा वर्गांत अनुदान घेणाऱ्या ग्रंथालयांचे राज्यभर जाळे आहे. गावोगावच्या ग्रंथपालांना एकेका लेखकाशी पत्रव्यवहार करून, एकेका पुस्तकाचे वेगळे बिल सांभाळत खरेदी करणे शक्य नसते. त्यांना शंभर शीर्षके एका यादीत, एका बिलावर आणि एका पार्सलमध्ये हवी असतात. अनुदानाचा हप्ता उशिरा येतो, बिल थकते, आणि तोवर कळ काढण्याची ताकद वितरकाकडे असते, लेखकाकडे नसते. मार्चअखेरीस आलेली ग्रंथालयांची मागणी माझ्या एकूण विक्रीतला सर्वांत मोठा भाग ठरली. हे काम मी घरबसल्या कधीही करू शकलो नसतो.

मागणी निर्माण करण्याचे काम मात्र वितरक करत नाही. पेढीच्या मासिक यादीत पुस्तकाची एक ओळ आली, प्रदर्शनात टेबलावर काही प्रती मांडल्या गेल्या, आणि त्यापलीकडे काही झाले नाही. जिथे परीक्षण छापून आले किंवा माझे व्याख्यान झाले, तिथल्याच दुकानांतून पुस्तक मागितले गेले. अमेरिकेत इन्ग्रॅमसारख्या घाऊक यंत्रणेतून पुस्तक विकू पाहणाऱ्या मराठी लेखकांनाही हाच अनुभव येतो असे ऐकतो. तिथे प्रत मागणी आल्यावर छापली जाते, ५५ टक्क्यांपर्यंत घाऊक सवलत आणि परतीची मुभा द्यावी तर दुकाने विचार करतात. पण नाव यादीत असले म्हणून कोणी पुस्तक मागवीलच असे नाही.

टपालाने थेट विक्रीचे गणित शेजारी ठेवून पाहिले तर चित्र अधिक स्पष्ट होते. भारतीय टपाल खात्याने १ मे २०२५ पासून पुस्तकांसाठी ‘ज्ञान पोस्ट’ सुरू केले असून ३०० ग्रॅमपर्यंतच्या पाकिटाला २० रुपये आणि कर इतकाच खर्च येतो. वाचकाला २० टक्के सूट देऊन २४० रुपयांना प्रत दिली, तरी टपाल आणि वेष्टण वजा जाता २०० रुपयांच्या वर हाती राहतात. त्यामुळे जे वाचक लेखकाला ओळखतात त्यांच्यापर्यंतची विक्री वितरकाच्या वाटेने वळवण्यात काहीच अर्थ नाही. वितरकाकडे जायच्या त्या प्रती अनोळखी वाचकांसाठी.

दुसऱ्या आवृत्तीसाठीही मी याच पेढीकडे गेलो आहे, मात्र अटी बदलून. एका वेळी शंभराहून अधिक प्रती द्यायच्या नाहीत, रवाना झालेल्या आणि विकल्या गेलेल्या प्रतींचे आकडे वेगळे मिळाल्याशिवाय पुढचा गठ्ठा सोडायचा नाही, आणि विक्रीयोग्य नसलेली प्रत परतीत स्वीकारायची नाही, असे तिन्ही मुद्दे चलनाच्या पाठीमागे लिहून दोघांच्या सह्या घेतल्या. व्यवस्थापकांनी फारशी खळखळ केली नाही. कवितासंग्रहाची किंवा कौटुंबिक आठवणींची दोनशे प्रतींची आवृत्ती काढणाऱ्याला मात्र ही सेवा घ्या असे मी सुचवणार नाही. तेवढ्या प्रतींसाठी पन्नास टक्के सोडून वर वर्षभर हिशेबाच्या मागे लागणे परवडत नाही.